एका घासाला एक वाक्य

नाकातली नळी काढल्यावर बाबा पहिलं वाक्य बोलले ते असं: "परत घातलीत तर उपटून फेकीन."

स्ट्रोकने त्यांचा उजवा हात गेला, तोंडाची एक बाजू ओघळली आणि गिळणं बिघडलं. हे शेवटचं कुणी सांगत नाही. लकवा म्हटलं की लोक हातापायांची चौकशी करतात. माणसाला घोटभर पाणी धड गिळता येत नाही, ते श्वासनळीत उतरतं, तिथून फुफ्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो, हे आम्हाला कळलं ते बाबांना दुसऱ्यांदा हॉस्पिटलात न्यावं लागलं तेव्हा. पहिल्यांदा घरी सोडताना आमच्या हातात एक चकचकीत इंग्रजी पत्रक दिलं होतं. त्यावर एक गोरा म्हातारा जेवणाच्या टेबलाशी बसून हसत होता.

मी स्वतः पत्रकं लिहिते. सुट्टीच्या दिवशी चेन्नईबाहेर श्रीपेरुंबुदूरला कारखान्यांच्या गेटवर उभी राहून वाटतेही. रात्रपाळीच्या बायकांना कंपनीच्या बसने हमरस्त्यावर उतरवून मोकळं होऊ नका, गल्लीच्या तोंडापर्यंत सोडा, एवढीच मागणी. त्यामुळे कुठलं पत्रक वाचणाऱ्यासाठी छापलंय आणि कुठलं छापणाऱ्यावर काही शेकू नये म्हणून, हे मला लांबून ओळखू येतं. ते दुसऱ्या प्रकारचं होतं. आईला इंग्रजी वाचता येत नाही. तिला तोंडी सांगायला कुणाला वेळ नव्हता. तिने बाबांना तहान लागली म्हणून पाणी दिलं. यात तिचा काय गुन्हा? तरी बाबांच्या नाकात नळी घातली त्या दिवशी ती वॉर्डाच्या बाहेर भिंतीकडे तोंड करून उभी होती, आणि मी कुणाशी तरी जोरजोरात भांडत होते. कुणाशी ते आता आठवत नाही. समोर येईल त्याच्याशी.

मग गिळायचे व्यायाम शिकवणारी एक मुलगी भेटली, माझ्याच वयाची. तिने आईला समोर बसवून सावकाश तमिळमध्ये सांगितलं. पाणी नुसतं द्यायचं नाही, घट्ट करायची पावडर घालूनच. सुटा भात नाही. रसम-भात, सांबार-भात तर मुळीच नाही, कारण पातळ एकीकडे पळतं आणि शीत दुसरीकडे. घास मऊ, ओला, एकजीव हवा. गिळताना हनुवटी छातीकडे. आणि प्रत्येक घासानंतर त्यांना काहीतरी बोलायला लावायचं. आवाज ओला आला, गुळणी तोंडात धरून बोलल्यासारखा, तर घास घशातच आहे. आवाज स्वच्छ आला तरच पुढचा घास.

"खोकला आला तर घाबरू नका," ती म्हणाली. "खोकला चांगला. आवाजच आला नाही तर घाबरा."

मी पहिल्या दिवसापासून दोन्हींना घाबरले.

नळी निघाली ती या अटीवर. पुन्हा छातीत काही गेलं, ताप आला, की परत नळी. आणि बाबा ती राहू देणार नव्हते. ते बोलतात ते करतात. रेल्वेत असताना एका साहेबाशी वाजलं तेव्हा बदली घेणार नाही म्हणाले, तर त्यांनी तांबरम सोडलं नाही आणि बढतीही घेतली नाही. त्यामुळे आमच्या घरात रोजच्या प्रत्येक घासावर हा सगळा हिशोब लटकलेला असायचा, आणि त्याबद्दल कुणी बोलायचं नाही.

पेज, घोटलेलं वरण, कुस्करलेलं केळं, परत पेज. एक दिवस बाबा आईला म्हणाले, "खिडकीच्या काचेला भरतात ती लांबी भरतेयस का माझ्यात?" मग माझ्याकडे वळून, "मटण कर. चावेन मी."

"बाबा, मटण नाही चालत."

"कोण म्हणतं? बोलाव तिला. तिलाही वाढ."

मी फोन करून विचारलं. ती मुलगी म्हणाली, दोनदा बारीक केलेला खिमा, भरपूर ओलावा, रेषा नको, कण नको, साल नको, बी नको. पहिल्या वेळी दोघी हजर असा. आणि ते दमायच्या आत भरवा, दमलेला माणूस वाईट गिळतो.

बाबा आठ वाजले की दमतात. शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातून मी घरी पोचते तेव्हा सात वाजून गेलेले असतात. म्हणजे जे काही करायचं ते पाऊण तासात. बुधवार होता. आईने सकाळीच कोत्तुकरी, म्हणजे इथला खिमा, दोनदा काढून आणून ठेवली होती. इटालियन करू, एवढं मी तिला सांगून गेले होते. मी पर्स खाली टाकली आणि ओट्याशी उभी राहिले.

"आता हे इटालियन म्हणजे काय?" आईने विचारलं.

"मटणाचे गोळे. टोमॅटोच्या दाट रसात शिजवायचे. सोबत पास्ता."

"मग कोफ्ते म्हण ना सरळ."

"कोफ्त्यात तू खसखस घालशील. सुकं खोबरं घालशील. मला कण नकोत."

"काही नाही घालत मी," आई म्हणाली, पण तिने फोडणीचा डबा मागे सरकवला.

टोमॅटो उकळत्या पाण्यात टाकले, साल फुटल्यावर सोलले, मिक्सरमधून काढले आणि चाळणीवर ओतून पळीच्या पाठीने घासत बसले. एरवी हे मी कधी केलं नसतं. एरवी टोमॅटोत बी असते हेच माझ्या लक्षात आलं नसतं. त्या संध्याकाळी प्रत्येक बी मला बाबांच्या घशात दिसत होती. चाळून झाल्यावर मी रस परत चाळला. लसूण तेलात परतून वाटून टाकली, मीठ, चिमूटभर साखर, आणि आटवायला ठेवला. आई म्हणाली, वर पुदिना घाल दोन पानं, वास चांगला येईल. मी म्हटलं पान टाळूला चिकटतं. चीज तार धरतं, म्हणून तेही नको. कांदा किसून, शिजवून, पुन्हा वाटून. पावाचा मऊ भाग दुधात भिजवून पिळला, खिम्यात घातला, वर अंडं फोडलं. मग सगळं बोटांनी चाचपत गेले. कुठे चामट लागलं की काढून टाक. आईसुद्धा शेजारी उभी राहून चाचपायला लागली. आम्ही दोघी तांदूळ निवडल्यासारखं मटण निवडत होतो.

गोळे तळायचे नाहीत, वर कड येते. सरळ रसात सोडले, झाकण ठेवलं, गॅस बारीक. दुसऱ्या शेगडीवर शिंपल्यांच्या आकाराचा छोटा पास्ता. पाकिटावर लिहिलं होतं तो किंचित कच्चट ठेवावा. मी तो बोटाच्या चिमटीत विरघळेपर्यंत उकळला. घड्याळ बघत होते, बाहेरच्या खोलीतून बाबांच्या खाकरण्याचा आवाज ऐकत होते, आणि सारखं झाकण उचलून परत ठेवत होते. गेटवर सिक्युरिटीवाल्याने हातातून कागद हिसकावले तेव्हा मी इतकी घाबरले नव्हते. तिथे समोर माणूस असतो, त्याला ओरडता येतं.

रस इतका आटला की पळी फिरवली की मागे रस्ता राहायचा. एक गोळा काट्याने दाबला. तो न फुटता पसरला. मी तो पास्त्याबरोबर घोटला, वर रस ओतला, ताटली घेऊन बाहेर गेले. बाबांना खुर्चीत ताठ बसवलं होतं, पाठीला उशा. आई बाजूला.

"थोडा घ्या. हनुवटी खाली. गिळा. परत एकदा गिळा. आता बोला."

बाबांनी डोळे मिटले. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. मी श्वास धरून बसले.

"आयटीत नोकरी," बाबा म्हणाले, जड पण स्वच्छ, "आणि पत्रकं फॅक्टरीच्या गेटवर."

आवाज कोरडा होता. मी दुसरा घास भरला.

"रविवारी घरी नसतेस."

कोरडा. तिसरा.

"लग्नाचं विचारलं की भाषण."

"अहो, जेवा ना नीट," आई म्हणाली.

"ती म्हणते बोला. मी बोलतो." त्यांच्या तोंडाची चांगली बाजू हसली. "बऱ्याच दिवसांनी ऐकून घेतेय."

मी ऐकत नव्हते. म्हणजे शब्द ऐकत नव्हते. एरवी यातल्या एकेका वाक्यावर मी तासभर भांडले असते. आत्ता मला फक्त आवाज हवा होता. त्यांनी मला काहीही म्हणावं, पण त्यात पाणी नसावं. चौथ्या घासाला ते म्हणाले, "पुढारीण बाई, मटण बरं झालंय." आईने पदराने त्यांच्या ओठाची कड पुसली, आणि मला वाटलं, जमतंय.

पुढच्या घासाला त्यांना हसू आलं. काहीतरी बोलायचं त्यांनी आधीच ठरवलं होतं आणि ते गिळायच्या आत बोलायला गेले. आवाज आला तो ओला. गुळणीसारखा. मग आवाजच थांबला. डोळे मोठे झाले. डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटला.

मी "खोका, बाबा, खोका" म्हणून ओरडत उठले, आणि त्याच क्षणी आईच्या हातातला पेला त्यांच्या ओठांपाशी दिसला. साधं, पातळ पाणी. मी तो हाताने उडवला. पेला फरशीवर गेला, पाणी बाबांच्या बनियनवर, आणि माझा हात आईच्या मनगटावर जोरात बसला.

बाबा पुढे वाकले आणि खोकले. असा खोकला मी आयुष्यात ऐकला नव्हता, कापड फाटावं तसा. परत खोकले. त्यांच्या मांडीवर लाल, घोटलेला घास पडला. परत. मग त्यांनी लांब श्वास घेतला.

"बोला," मी म्हटलं. माझाच आवाज फुटत होता. "बोला ना."

"काय... बोलू," ते म्हणाले. ओलं होतं अजून. पुन्हा खोकले, गिळलं, पुन्हा गिळलं. "काय बोलू." स्वच्छ.

आई मनगट धरून उभी होती. "ठसका लागला की मीच पाणी देते त्यांना," ती म्हणाली. कुणालाच उद्देशून नाही. "लग्नापासून. हात आपोआप गेला गं."

मला तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी ताटली उचलली. "बास झालं. पुन्हा नाही. पेजच बरी."

ताटली हलेना. बाबांनी तिची कड डाव्या हाताने धरली होती.

"सोडा बाबा."

"नाही."

"आत्ता काय झालं बघितलंत ना? छातीत गेलं असेल तर नळी घालतील. तुम्ही ती काढणार. मग?"

ते दम खात होते. एकेक शब्द सुटा काढत म्हणाले, "तू गेटवर जातेस. आम्ही दोघं इथे. फोन लागत नाही. हिला जेवण जात नाही." थांबले. "मी बडबडतो. अडवलं कधी?"

नव्हतं अडवलं. टोमणे मारले, अबोला धरला, पण दार कधी अडवलं नव्हतं. मी ताटली सोडली.

आईने फरशी पुसली, हात धुतले आणि माझ्या हातातून चमचा घेतला. तिने अर्धा चमचा भरला. "आधी गिळायचं," तिने बाबांना दरडावलं, "मग अक्कल शिकवायची. हनुवटी खाली." त्यांनी ताटली संपवली. प्रत्येक घासानंतर ते काही ना काही बोलले, आणि आई कान त्यांच्या तोंडापाशी नेऊन ऐकत होती. मी भिंतीला टेकून उभी होते.

छातीत काही गेलंय का हे लगेच कळत नाही. पुढचे दोन दिवस ताप बघा, ती मुलगी फोनवर म्हणाली. मी रजा मागितली, मिळाली नाही. कंत्राटी माणसाला बाप आजारी असण्याची रजा नसते, यावर वेगळं लिहीन. म्हणून ऑफिसातून दर तासाला फोन करायचे. आई थर्मामीटरवरचा आकडा वाचायची, मी म्हणायचे परत लाव, ती परत लावायची. रात्री मी त्यांच्या पलंगाला पाठ लावून खाली झोपले आणि श्वास ऐकत राहिले.

ताप आला नाही. शनिवारी पहाटे मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला तर त्यांनी डोळे न उघडता तो बाजूला केला. कपाळ गार होतं.

त्या दिवशी गेटवर पत्रकं वाटायची पाळी होती. मी तांबरमहून बस पकडली, खिडकीपाशी जागा मिळाली, गठ्ठा मांडीवर घेतला. बस सुटली आणि मग रडायला आलं, तोंड दाबूनही थांबेना. शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली. "तण्णी?" तिने विचारलं. मी मान हलवून नको म्हटलं, आणि तिच्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला, आणि गठ्ठ्यातलं वरचं पत्रक तिच्या हातात दिलं.