बॉनेटवरचं कुंकू

माझी भाची स्टॉक कार चालवते, हे वाक्य मी शिकागोच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मुद्दाम मोठ्यानं म्हणतो. समोरच्या काकांचा मोदक तोंडापाशी थांबतो. मग मी रंगवून सांगतो: बाहेरून तुमच्या-आमच्यासारखी गाडी, आतून सगळी सोललेली, नुसता लोखंडी पिंजरा आणि एक सीट. शिकागोपासून लांब, मक्याच्या शेतांमध्ये एक गोल ट्रॅक आहे. त्यावर अशा गाड्या एकमेकींना ढुशा देत पळतात. "पैसे किती मिळतात?" काका विचारतात. "काका, उलट द्यावे लागतात," मी म्हणतो. मोदक परत ताटलीत जातो.

माझ्या थोरल्या बहिणीसमोर, म्हणजे भाचीच्या आईसमोर, मात्र हा प्रयोग बंद. पोरीला हा नाद भावोजींनी लावला. ते अचानक गेले आणि ताईनं शर्यतींचं नावच टाकलं. "एक माणूस गेलं. आता दुसऱ्यानं त्या डब्यात बसायचं, आणि मी टाळ्या वाजवायच्या?" भाची दर शर्यतीला गेटच्या खिडकीवर आईसाठी पास ठेवायची. तो मी आणायचो आणि माझ्या गाडीच्या कप्प्यात टाकायचो. जिंकणं-हरणं राहू द्या. पोरीला आई तिथं बसलेली हवी होती, एवढंच.

त्या रविवारी दुपारी ताई आली. कशी आणली, ते विचारू नका. अर्धी विनवणी, अर्धं खोटं, आणि वाटेत डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांपाशी थांबून घेतलेले गरम सामोसे. तिथंच मी कुंकू, नारळ आणि पेढेही घेतले.

"हे कशाला?"

"जिंकली तर ओवाळायला."

"मी नाही हं. तू ओवाळ."

"मी? या मिशा घेऊन?"

ती हसली नाही. माझी बहीण औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे, डॉक्टरांच्या चुका काढते. पण भावोजी गेल्यानंतरच्या संक्रांतीला मंडळात एका काकूंनी हळदी-कुंकवाची कोयरी तिच्या समोरून सरळ पुढं नेली होती. तेव्हापासून तिनं कुंकवाला हात लावला नव्हता. "उगाच पोरीला काही व्हायला नको," म्हणायची.

शर्यत सुरू झाली. पहिली दहा मिनिटं ताईनं डोळे मिटून काढली. भाची चौथी होती आणि चौथीच राहणार, असं दिसत होतं. मग मागं कुणाचं तरी चाक निखळलं, पिवळा झेंडा आला. पिवळ्या झेंड्यात सगळ्यांनी हळू व्हायचं आणि एकामागं एक लागायचं. पुढच्यानं कमावलेलं अंतर पाण्यात. हिरवा झेंडा पडायच्या आधीच पहिला गडी सुटला. पंचांनी त्याला शिक्षा म्हणून रांगेच्या शेवटी पाठवलं.

"अगंबाई," ताई म्हणाली. "शाळेसारखंच आहे की!"

आता भाची तिसरी. पुढच्या दोघांनी वळणावर एकमेकांना असा खांदा दिला, की दोघेही भिंतीला जाऊन चिकटले. त्या धुरातून माझी भाची, काडीची घाई न करता, दुधाच्या बाटल्या आणायला निघाल्यासारखी पुढं निघून गेली. शेवटच्या फेरीला माझी बहीण बाकावर उभी राहून ओरडत होती, "सांभाळून गं! अगं, पळ! सांभाळून पळ!"

जिंकली!

आम्ही धावत खाली. जिंकलेली गाडी आधी तपासणीच्या जागेत नेतात, तिच्याभोवती दोरी असते. मी ताट मांडलं. पेट्रोलच्या वासात काडी कोण पेटवणार, म्हणून निरांजन बॅटरीवरचं. ताट मी स्वतःच्या हातात घेतलं, काय करणार! पण ताईनं ते माझ्याकडून काढून घेतलं. दोरीखालून वाकून गेली. भाचीनं जाळी सोडून खिडकीतून अंग बाहेर काढलं, हेल्मेट उतरवलं, आईकडे बघितलं आणि कपाळ पुढं केलं. ताईनं तिला कुंकू लावलं, ओवाळलं. मग बोटाला उरलेलं कुंकू, गणपतीला लावावं तसं, बॉनेटला टेकवलं.

शिट्टी वाजली.

तपासनीस म्हातारा होता, भला होता. त्यानं टोपी काढून सांगितलं, की तपासणी होईपर्यंत गाडीला ड्रायव्हरशिवाय कुणीही हात लावला, तर गाडी बाद. नियम सगळ्यांना सारखा. त्यानं तो लाल ठिपका वाकून पाहिला आणि विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, हळद आणि चुना. त्याला ते अजून वाईट वाटलं असावं. लाउडस्पीकरवरून दुसऱ्याच गाडीचा नंबर पुकारला गेला.

ताई हातातलं ताट धरून तशीच उभी. "बघितलंस?" ती मला म्हणाली, एकदम हळू. "म्हणून म्हणत होते, मी हात लावायचा नसतो."

भाचीनं तिला मिठी मारली. "आई, डोन्ट. इट्स जस्ट अ रूल."

मी नंतर भाचीला बाजूला घेतलं. "काय गं, तुला नियम माहीत नव्हता?"

"ऑफकोर्स माहीत होता, मामा. एव्हरी रेस सांगतात."

"मग थांबवायचंस ना तिला!"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की वेडा मीच. "मामा, आई येत होती. ताट घेऊन. अँड आय से व्हॉट? थांब?"

हे मी परतताना गाडीत ताईला सांगितलं. दोनदा सांगितलं, आवाज काढून, नक्कल करून, माझी सगळी कला पणाला लावून. तिच्या मांडीवर न फोडलेला नारळ होता. "मला बरं वाटावं म्हणून बोलते पोरगी," ती म्हणाली. "आणि तूही." मग टोलनाका आला, आणि तिनं नारळ पिशवीत ठेवून दिला.

ती परत शर्यतीला आली नाही. भीती गेली आहे म्हणते, आणि ते खरं असावं. आता ती येत नाही ते पोरीचं भलं व्हावं म्हणून. याच्याशी भांडायचं कसं, ते मला अजून सुचलेलं नाही, आणि मला सहसा काही सुचायचं राहत नाही.

परवाच्या शर्यतीत भाची जिंकली. नेहमीप्रमाणे ताईचा फोन आला. कोण जिंकलं, हे ती आधी विचारत नाही.

"तपासणी झाली?"

"झाली."

"कुणी हात नाही ना लावला गाडीला?"

"नाही गं. कुणी नाही."

"बरं झालं," ताई म्हणाली. मागं तिच्या स्वयंपाकघरातला नळ वाहत होता, मग फोन बंद झाला. समोर भाची गाडीला टेकून उभी होती, घामेजलेलं कपाळ तसंच मोकळं. माझ्याकडे बघून तिनं भुवया उंचावल्या: काय म्हणते? पुढच्या वेळी येते?

मी फोन कानाशी तसाच धरून ठेवला, जणू अजून बोलणं चालू आहे.