विमानात न चालणारे खोबरे

लिहिण्याचा मला कोणताही अधिकार नाही, हे आधीच मान्य करून वाचकांची क्षमा मागते. उभ्या आयुष्यात मी फळ्यावर समीकरणे लिहिली आणि उत्तरपत्रिकांवर शेरे मारले. त्यापलीकडे लेखणीशी माझा संबंध आला नाही. निवृत्तीनंतर लिहायला बसणारी माणसे आपण काय मिळवले ते सांगतात. माझ्यापाशी सांगण्यासारखी एक भीती तेवढी आहे. घरात ती बोलून दाखवता येत नाही, म्हणून कागदापाशी आले.

आम्ही जळगावला राहतो. येथल्या महाविद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवत असे. आमची एकुलती मुलगी हैदराबादला एका कारखान्यात उपकरणांच्या चाचण्या घेते. गेल्या दिवाळीत ती घरी आली, तेव्हा फराळ करता करता तिने सांगितले की परदेशातली एक खासगी कंपनी हौशी प्रवाशांना अंतराळाच्या उंबरठ्यापर्यंत नेऊन परत आणते. तिकीट अर्थातच धनिकांना परवडणारे, पण एक जागा सोडत काढून सामान्य माणसाला देतात, आणि त्या सोडतीत तिचे नाव निघाले आहे.

"म्हणजे सहल?" तिच्या वडिलांनी विचारले.

"हो बाबा. वर जायचं, थोडा वेळ तरंगायचं, खाली यायचं."

"आणि मुक्काम?"

"मुक्काम नसतो."

"मग कसली सहल," असे म्हणून त्यांनी शेवेचा डबा जवळ ओढला. मात्र त्यानंतर त्यांनी त्यातले काही खाल्ले नाही, हे मी पाहिले.

मी तेथल्या तेथे नको म्हणाले. कारण विचारले तेव्हा मला ते नीट मांडता आले नाही. पुढले काही दिवस दुपारी घर शांत झाले की मी त्या सहलीच्या चित्रफिती पाहत बसे. निळ्या पोशाखातली हसरी माणसे, खिडकीबाहेर पृथ्वीची वाकलेली कड, उतरल्यावर उडणारे फेसाळ मद्य. त्याखाली लगेच, कोणी न मागता, दुसऱ्या चित्रफिती येत: चढता चढता फुटलेली याने, वरून खाली येणारा धूर. मी त्याही पाहत असे. इंधन, दाब, तापमान, सारे मला समजत होते, आणि समजत असल्यामुळे झोप लागत नव्हती.

माझे नकार ऐकून ऐकून मुलगी शेवटी म्हणाली, "आई, तू आयुष्यात कधी विमानात बसलेली नाहीस. एकदा माझ्याबरोबर हैदराबादला चल. उतरल्यावरही नको म्हणालीस, तर मी नाव मागे घेते. शब्द."

हा सौदा मी आनंदाने स्वीकारला. उतरल्यावर काय म्हणायचे ते माझे आधीच ठरलेले होते. एकदा भीती सोसायची आणि मुलगी कायमची जमिनीवर ठेवायची, एवढाच माझा हिशेब होता.

निघण्यापूर्वी दोंडाईच्याजवळच्या गावी सासरी जाऊन आले. माझ्या थोरल्या जाऊबाईंना आम्ही सगळे अक्का म्हणतो. घरातली बाई लांबच्या प्रवासाला निघाली की अक्का तिची ओटी भरतात, आणि घर गाठेपर्यंत ती ओटी कोठेही रिकामी करायची नसते. त्यांनी माझ्या पदरात गहू, हळकुंड आणि खोबऱ्याची वाटी घातली.

"पोर आभायमा जाई ऱ्हायनी म्हणतस, खरं शे का?" त्यांनी विचारले.

"अजून ठरलं नाही, अक्का."

"मंग तठे तिले जेवाले कोन दी?"

मला हसू आले. अक्का हसल्या नाहीत. पदराची गाठ स्वतःच्या हाताने घट्ट करत म्हणाल्या, "विमान ऱ्हाव नाहीतर बैलगाडी ऱ्हाव, वटी ती वटी शे. घर पोचस तवलोंग सोडू नको, माय."

एवढी शिकलेली मी; मान हलवली, आणि मनात तो शब्द पक्का बांधून घेतला. जळगावला आल्यावर ओटी एका रुमालात बांधून हातातल्या पिशवीत ठेवली.

आमचे विमानतळ आटोपशीर आहे. तरीही लोक तेथे लग्नाला आल्यासारखे नटून आले होते. एक कुटुंब तर पोचवायला आलेल्या सगळ्या नातेवाइकांसह दारासमोर फोटो काढत होते, आणि प्रवासाला निघालेली सून कोणती हे दागिन्यांवरून ओळखता येत नव्हते, कारण सगळ्यांनीच घातले होते. मुलगी मजेत पाहत होती. माझे तळवे ओले झाले होते. तिचे वडील दाराबाहेरून म्हणाले, "मी रेल्वेने मागून येतो. एक तरी माणूस जमिनीवर असलेला बरा." नंतर त्यांनाच ते बोलणे नको वाटले असावे; ते रिक्षावाल्याशी उगाच वाद घालू लागले.

तपासणीत माझी पिशवी यंत्रातून बाहेर आली आणि बाजूला ठेवली गेली.

"मावशी, खोबरं आहे का यात?" गणवेशातल्या बाईंनी विचारले.

"ओटीचं आहे."

"ओटीचं असो की पूजेचं, सुकं खोबरं विमानात चालत नाही. तेल असतं, पेट घेतं. गहू न्या, हळकुंड न्या. वाटी इथे ठेवा."

पेट घेतं. ते मला ठाऊक असायला हवे होते. वर्गात तेलांचा ज्वलनांक शिकवणाऱ्या बाईला आपल्या पिशवीतल्या वाटीचा विचार सुचला नव्हता. पण त्या क्षणी मनात शास्त्र नव्हतेच. ओटी वाटेत मोडायची आणि मग आकाशात जायचे, हे माझ्याने होणार नव्हते. मी रुमाल छातीशी धरून म्हणाले, "मी परत जाते."

"आई!"

"नाही. मला जमायचं नाही. तूही चल."

मागे रांग थांबली होती. मुलीने मला दटावले नाही, समजावले नाही. ती त्या बाईंना म्हणाली, "ताई, खाऊन टाकलं तर चालेल?"

"पोटातलं आम्ही तपासत नाही," बाई म्हणाल्या.

आम्ही बाकावर बसलो. खोबरे कडकडीत वाळलेले होते. मुलीने वाटी बाकाच्या लोखंडी कडेवर आपटून तुकडे केले आणि एक माझ्या हातावर ठेवला. "ओटी रिकामी करायची नाही ना? मग आपल्याबरोबरच येईल." आम्ही चावू लागलो. माझ्या दाढा आता पूर्वीच्या नाहीत. मागच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "मावशी, सोबत गूळ असता तर बरं झालं असतं," आणि लोक हसले. मुलीने त्या तपासणीच्या बाईंनाही तुकडा देऊ केला. त्यांनी इकडेतिकडे पाहिले. "कामावर खात नाही," म्हणाल्या आणि खिशात टाकला. शेवटचा घास तोंडात असतानाच मी विमानाचा जिना चढले.

विमान लहान होते, पंख्यांचे. माझ्या खिडकीशेजारीच तो पंखा फिरू लागला. पंखाखाली हवेचा दाब अधिक, वर कमी, म्हणून विमान उचलले जाते. हे मी कितीतरी वर्षे शिकवले, आणि चाके सुटली तेव्हा त्यातल्या एका शब्दावर माझा विश्वास उरला नाही. खाली केळीचे हिरवे चौकोन तिरपे झाले. हवाई सुंदरी प्रसन्न चेहऱ्याने कॉफी विचारत होती, आणि तिच्या त्या हसण्याची मला सर्वाधिक धास्ती वाटली; चित्रफितीतली माणसेही अशीच हसत होती. एका धक्क्यासरशी विमान खाली गेले.  मी डोळे मिटून मुलीचा हात पकडला.

तिचा तळवा माझ्याहून ओला होता.

डोळे उघडून पाहिले. ती समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे पाहत होती, ओठ घट्ट मिटलेले.

"तू तर नेहमी जातेस विमानाने," मी म्हणाले.

"दर वेळी असंच होतं."

"मग ते वरचं? ते कशाला?"

तिने माझा हात आणखी घट्ट धरला. "मला त्याचीही भीती वाटते, आई. रात्री उठून बसते. तरी जायचंय. का ते मला सांगता येत नाही, तू नको का म्हणतेस ते तुला सांगता येत नाही, तसंच."

उतरेपर्यंत आम्ही हात सोडले नाहीत. निडर मुलीला मी बेधडक नाही म्हणाले असते; त्या तयारीनेच आले होते. सामानाच्या पट्ट्यापाशी उभी असताना तिने विचारले, "बोल, आई. नाव मागे घेऊ?"

माझ्या दाढेत खोबऱ्याचा कण अडकला होता. मी नकोच म्हणणार होते. तोंडातून आले, "नको घेऊस मागे." आणि ते ऐकून सगळ्यात अधिक मीच घाबरले.

ती भीती अजून उतरलेली नाही. मुलीचा सराव सुरू आहे. परवा तिचा फोन आला: सोबत मुठीत मावेल एवढी एक पिशवी नेता येते, पण सुटे दाणे, तुकडे नकोत, ते तरंगून यंत्रात शिरतात, पूड नको, तेलकट किंवा पेट घेणारे काही नको, तिथे काही खाताही येणार नाही. म्हणजे गहू गेले, हळकुंड गेले, हळदकुंकू गेले, खोबरे तर गेलेच होते. अक्का दर फोनला एकच विचारतात, "पोरनी वटी भरशी ना?" मी हो म्हणते. शिवणकामाच्या डब्यातून कापड काढून लहानशी पिशवी शिवून ठेवली आहे. ती टेबलावर रिकामी पडलेली असते, आणि जाता-येता मी तिच्याकडे पाहणे टाळते.

वाचकहो, माझ्या मुलीची ओटी मी कशाने भरू?