खुर्चीवरून उठून बोलावं

आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी कॉम्प्युटरवर दहा जणांबरोबर एक खेळ खेळते. कोणी राजा, कोणी वैद्य, कोणी दरोडेखोर. एकमेकांची तोंडं कोणी बघितलेली नाहीत. त्या खेळात वागायचं कसं याचे नियम तिने मला एकदा वाचून दाखवले. दुसऱ्याच्या सोंगाने काय करायचं ते तुम्ही ठरवू नका. सोंगातलं भांडण सोंगातच ठेवा. खरं काही सांगायचं असेल तर आधी सोंग बाजूला करा, मग बोला. मी म्हटलं, बाई, हे आम्ही ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये कारखान्याच्या गेटवर बसून शिकलो, कॉम्प्युटर सोड, डोक्यावर पत्रासुद्धा नव्हता. ती हसली. मला हसू आलं नाही. शेवटचा नियम मी दोनदा मोडलाय.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमच्या कारखान्याला टाळं लागलेलं. मी पत्रा दाबायच्या प्रेसवर हेल्पर, शाळा चौथीपर्यंत. गेटसमोर ताडपत्री बांधून आम्ही बसायचो. पहिल्या महिन्यात शंभर माणूस होता, सातव्या महिन्यात आठ-नऊ उरलो. घोषणा देऊन घसे बसले, पत्ते फाटले. तेव्हा नाखव्याने 'मीटिंग' काढली.

नाखवा म्हणजे आमचा फिटर. खाडीवरच्या कोळीवाड्यातला, बापाची होडी होती म्हणून सगळे नाखवा म्हणायचे. त्याने ग्रीसचा रिकामा डबा उलटा घातला. ही साहेबाची खुर्ची. बसेल तो साहेब. बाकीच्यांत एक पुढारी, एक सरकारी अधिकारी, एक साहेबाचा चमचा. मागण्या मांडायच्या, साहेबाने उडवून लावायच्या. थट्टाच, पण नाखवा नियमाला कडक. "तुजं तू बोल, त्याच्या तोंडात घालू नको." "कोनाच्या घरचं मधी आनायचं नाय." खुर्चीवर बोललेलं खुर्चीवरच राहणार, उठल्यावर कोणी राग धरायचा नाही आणि कोणी त्यावर विसंबायचंही नाही. खुर्चीवरच्याला दुसऱ्याने उठवायचं नाही. खरं काही सांगायचं असेल तर त्याचं त्याने उठायचं, मग सांगायचं.

बायको दुपारी वर्तकनगरहून भाकरी घेऊन चालत यायची. एकदा मी साहेब झालेलो. म्हटलं, "पगारवाढ? अरे, मलाच परवडत नाही!"

मागून आवाज आला, "अहो साहेब, मग कुत्र्याला दुसरा पंखा कशाला आणलात?"

ताडपत्री फाटेस्तोवर हसले सगळे. नाखवा म्हणाला, "वहिनी, तू साहेबाची बाय. पक्की." मग ती रोज दुपारी साहेबाची बाय. खुर्चीवर कोणीही असो, त्याला सोडायची नाही. घरात कधी मोठ्याने न बोललेली बाई. मला आधी माहीतच नव्हतं ती अशी आहे.

एका पहाटे मी दूध आणायला कारखान्याच्या मागच्या गल्लीने गेलेलो. मागचं गेट उघडं. ट्रकवर आमच्या लेथ मशिनी चढवत होते, वर ताडपत्री. दुसऱ्या ट्रकवर माझा प्रेस. दूध न घेताच परत आलो.

सांगायला पाहिजे होतं. नाखव्याला तर पहिलं. त्याला कल्याणला धान्याच्या गोदामात वॉचमनचं काम मिळत होतं, शेठने शनिवारपर्यंत वाट बघतो म्हणून सांगितलेलं. खाडीत मासा राहिला नव्हता, होडी विकलेली, दुसरा आसरा नव्हता त्याला. पण गेटवर आठ माणसं तोंडाकडे बघत असताना ते वाक्य माझ्या तोंडातून निघेना. मग मी डब्यावर जाऊन बसलो. साहेबाचा आवाज काढला आणि म्हटलं, "गेट उघडणार नाही. आज पहाटे मशिनी मागच्या दाराने गेल्या. आता बसा बोंबलत."

टाळ्या पडल्या. नाखवा डोळे पुसत म्हणाला, "आयला, आज साहेब शोबलास!" मी उठलो नाही. मलाही हसायला लागलं.

घरी बायकोने विचारलं, "ते मशिनींचं खरं होतं का हो?"

"खेळ होता गं."

शनिवार गेला. नाखवा कल्याणला गेला नाही, म्हणाला, दिवाळीनंतर गेट उघडतंय असं ऐकलंय, कशाला दुसऱ्याची चाकरी. पुढच्या आठवड्यात गेटवर नोटीस लागली, कारखाना कायमचा बंद. तेव्हा मला पहाटे बघितलेलं सगळं सांगावं लागलं. नाखव्याने डब्याकडे बघितलं.

"तुला म्हाईत होतं."

"मी सांगितलं होतं ना."

"बसून सांगितलंस. उठून का नाय सांगितलंस?"

त्यानंतर एकदाच दिसला, ठाण्याच्या मार्केटात डोक्यावर पाटी घेऊन. मान फिरवून गेला. बायकोने मला कधी बोल लावला नाही. नोटिशीच्या दिवशी एवढंच म्हणाली, "मला तरी उठून सांगायचं होतं."

मग दहा-बारा वर्षं गेली. मला कल्याणलाच एका वखारीत काम लागलं, आम्ही तिकडे खोली घेतली. तिथे बायकोच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरने मला बाहेर बोलावून सांगितलं, फार तर दोन महिने. आत आलो. खाटेजवळ लोखंडी स्टूल होतं, त्यावर बसलो.

"काय म्हणाले?"

"अल्सर आहे. बरा होतो."

तिची थोरली बहीण डोंबिवलीला. दोघी नऊ वर्षं बोलत नव्हत्या, कारण आता मलाही आठवत नाही. ती म्हणाली, "ताईला आत्ता बोलावू, की बरी झाल्यावर मीच जाऊ? खरं सांगा. तसं असेल तर आत्ताच बोलावते."

"बरी झाल्यावर जा की. घाई काय आहे?"

तिने स्टुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बसून बोलताय?"

"मग काय नाचू?"

खुर्चीवरच्याला दुसऱ्याने उठवायचं नाही, हा नियम तिला पाठ होता. मग अगदी त्या जुन्या आवाजात, साहेबाच्या बायकोच्या, म्हणाली, "बरं साहेब."

नंतर दीड महिना तिने तो खेळ चालवला. माझ्यासाठीच. बरी झाल्यावर कुठलं लुगडं नेसून डोंबिवलीला जाणार ते मला सांगायची. मी रंग सुचवायचो. मला सगळं ठाऊक, तिला सगळं ठाऊक, आणि मी काही उठलो नाही.

ताई आली ती तिरडी बांधताना. दारातच मला धरलं. "एवढे दिवस होते हातात. मला का नाही कळवलं?"

तेव्हा मी उभाच होतो. आता उभं राहून काय सांगायचं होतं?