सरलाबाईने रापवलेला तवा

आमच्या गोडादऱ्याच्या वस्तीत कुणी नवा बिडाचा तवा घेतला की आधी सरलाबाईकडे यायचं. बाजारातला तवा खरखरीत, भाकरी टाकली की चिकटून बसणार. सरलाबाई दारात फतकल मारून विटेच्या तुकड्याने, मग पॉलिश कागदाने तो घासायची. राखेने धुवायची, स्टोव्हवर कोरडा करायची आणि तेलात बुडवलेला अर्धा कांदा फिरवत धूर निघेस्तोवर तापवायची. असं आठ दिवस. मी भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण, खोकून खोकून माझा जीव जायचा. पण तिच्या तव्यावर भाकरी टम्म फुगायची, म्हणून गप्प बसायचे.

त्याच बाईला तिचा नवरा सुकदेव मारायचा. कारखान्यात लूमवर सूत तुटलं तरी मार, डाळीत मीठ कमी पडलं तरी मार. एकदा दात पाडला. बाईसाहेब चूळ भरून पुन्हा तवा घासायला बसल्या. मला तिची कीव येत नसे, राग यायचा.

मुलीच्या, सुषमाच्या लग्नात द्यायला तिने महिनाभर एक तवा घासला. त्याची कडसुद्धा गुळगुळीत केली. सुषमा जवळच्या डिंडोलीतल्या वाल्मिकला दिली. सहा महिन्यांनी एका दुपारी ती पदर दंडावर ओढून माहेरी आली. सरलाबाईने पदर बाजूला केला. दंडावर भाजल्याची लांब वाकडी रेघ होती, फोड फुटून पाणी वाहत होतं. भाकरी करपली म्हणून वाल्मिकने तापलेला तवा चिमट्यात धरून तिला लावला होता.

"हाई कड मन्हा हातनी शे," सरलाबाई म्हणाली. तिने स्वतःच्या हाताने घासलेल्या कडेचाच तो डाग होता.

सुकदेव खाटेवरून उठलासुद्धा नाही. "दिधेल घर नांदनं पडस. धाड तिले परत."

सुषमा मुकाट्याने निघाली. पण तिच्यामागे सरलाबाईही पदर खोचून निघाली आणि तिच्यामागे मी. वाल्मिकची खोड मोडलेली मला बघायची होती, खोटं कशाला बोलू?

वाल्मिक जेवत होता. सरलाबाईने स्टोव्हजवळचा तोच तवा उचलला आणि त्याच्या खांद्यात घातला. त्याने उठून तिच्या झिंज्या धरल्या, डोकं भिंतीवर आपटलं, पुन्हा आपटलं. तिने दुसरा घाव कपाळावर घातला. त्याची भुवई फाटली, ताटात रक्त सांडलं. तवा तिच्या हातून निसटला आणि फरशीवर पडून त्याचे दोन तुकडे झाले. बीडच ते, आपटलं की फुटतं. वाल्मिक डोकं धरून खाली बसला.

"चाल घर," सरलाबाई लेकीला म्हणाली.

सुषमा हलली नाही. ती पदराने नवऱ्याचं रक्त टिपत होती. त्या क्षणी मला तिच्याच कानाखाली द्यावीशी वाटली. मग ती मान वर न करता बोलली, "माय, बाप तुले मारे. तू गयी का कधी?"

सरलाबाईच्या केसांतून रक्त कानावर आलं होतं. मघाच्या माराने ती डगमगली नव्हती, आता तिने भिंतीचा आधार घेतला.

"नही गयी," ती शेवटी म्हणाली. "आज मी जास. तू येस का?"

सुषमाने पदर सोडला आणि चपला शोधल्या.

संध्याकाळी सुकदेव माझ्या दारावर लाथा घालत होता, शिव्या देत होता. कडी केव्हाच निखळली होती. आतून आम्ही तिघींनी पाठी लावून दार दाबून धरलं होतं.