एका रात्रीपुरता तंबू

कर्णिकवहिनींना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये. दार उघडलं, तर आत साडी नेसलेल्या एक बाई आरशाकडे बघून, मान थोडी तिरकी करून, कुठल्याशा भाषेत अगदी अजिजीने काहीतरी विचारत होत्या. मला बघून त्या जराही गडबडल्या नाहीत. "या, या, घाबरू नका," म्हणाल्या. "बेकरीचा रस्ता विचारतेय." आता शारजातल्या अल नहदामध्ये जिथेतिथे टॉवरखाली एक बेकरी असते. तिचा रस्ता आरशाला विचारायची वेळ आजवर कुणावर आली नसावी. मी मनात म्हटलं, झालं! शेजार चांगलाच मिळालाय.

पुढे कळलं की त्या इथल्याच एका इंडियन शाळेत फ्रेंच शिकवतात. मूळच्या नाशिकच्या. लग्न होऊन इकडे आल्या, आणि कॉलेजात हौसेने शिकलेली भाषा आखातात पोटापाण्याला उपयोगी पडली. माझी सई सहावीपासून त्यांच्याच हाताखाली शिकली. घरी आम्ही मराठीत काही विचारलं की सई इंग्रजीत उत्तर देणार, पण वहिनींच्या धाकाने फ्रेंचची क्रियापदं मात्र आंघोळ करता करता घोकायची.

त्यांच्या पाठ्यपुस्तकात एक धडा होता. एक कुटुंब गाडीत तंबू टाकून खेड्यापाड्यांतून भटकतं, शेताच्या कडेला मुक्काम करतं, सकाळी गावातल्या बेकरीतून पाव आणतं. दरवर्षी हा धडा आला की कुठलं तरी कार्टं हात वर करून विचारायचंच, "मॅम, हॅव यू बीन देअर?" आणि वहिनी म्हणायच्या, "नॉट येट."

"नॉट येट, नॉट येट करता करता केस पांढरे झाले गं मीनल," त्या मला म्हणायच्या. "पोहता न येणाऱ्या बाईने काठावर उभं राहून पोहायचा क्लास घ्यावा, तसं चाललंय माझं."

म्हणून त्यांनी बेत आखला होता. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत फ्रान्सला जायचं. पॅरिस-बिरिस काही नाही. एक लहानशी गाडी भाड्याने घ्यायची, डिकीत तंबू टाकायचा आणि गावागावांतून हिंडायचं. संध्याकाळ झाली की एखाद्या शेतकऱ्याच्या फाटकाशी गाडी थांबवून मुक्कामाला जागा मागायची. आणि हे सगळं एकटीने. एरवी शेजारणीने भाजी कुठली करू विचारलं तरी "तुला आवडेल ती" म्हणणारी ही बाई, या एका शब्दावर मात्र अडून बसायची.

"पण एकटीच का?" मी एकदा न राहवून विचारलं.

"अगं, सोबत माणूस असलं की तोंड उघडावंच लागत नाही. हे असले की इंग्रजीत विचारून मोकळे होतात, नाहीतर मोबाइल काढतात. मला अडायचंय. अडले तरच बोलेन ना!"

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. स्वयंपाक करताना, सिग्नलला गाडी उभी असताना, लिफ्टमध्ये, जागा मिळेल तिथे त्या ते फ्रेंचमधून घोकायच्या. 'नमस्कार. मी एकटी आहे. एका रात्रीपुरता इथे तंबू ठोकू का?' इतक्यांदा ऐकलं की त्याचा अर्थ मलासुद्धा पाठ झाला. "प्रश्न माझा पक्का आहे," त्या म्हणायच्या. "पण त्याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही."

गाडी त्या चाळिशी उलटल्यावर शिकल्या, तीही इथेच. त्यामुळे त्यांना घाईही होती. "इथे आहे तोवर उजव्या बाजूने चालवायची सवय आहे. फ्रान्समध्येही तसंच. एकदा नाशिकला परत गेले की संपलं. तिथे डाव्या बाजूने चालवतात, आणि मनात आलं की दोन्ही बाजूंनी!"

आता कर्णिकांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही. माणूस शंभर नंबरी सोनं. रास अल खैम्याला एका सिमेंट कंपनीत होते. रोज एवढं अंतर जाऊन-येऊन करायचे, आणि तरी संध्याकाळी कुणाचं सामान वर न्यायचं असलं की आपणहून हात लावायचे. तोंडात सारखं अरबी "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, चला. बायकोवर तर भारी जीव. फक्त एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरत नसे, की एखाद्याला कधी एकटंही असावंसं वाटतं.

एका हिवाळ्यात वहिनींनी तंबू आणला. एकट्या माणसाचा, लहानसा. सराव म्हणून रास अल खैम्याच्या डोंगरापाशी एक मुक्काम एकटीने करून बघते म्हणाल्या. कर्णिक "जा की" म्हणाले. आणि मग काळजी वाटली म्हणून त्यांनी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, 'तुमच्या वहिनी कॅम्पिंगला चालल्यात, जरा सोबत कोण जातंय?' कोण जातंय काय विचारता! आपल्या लोकांना एवढं निमित्त पुरतं. सूर्य मावळायच्या आत पाच-सहा गाड्या तिथे हजर. मिसळीचं पातेलं, कॅरम बोर्ड, स्पीकर, सतरंज्या, आणि कुणाच्या तरी सासूबाईंसाठी कमोडची खुर्चीसुद्धा. आम्हीही होतोच त्यात. वहिनींच्या तंबूत सगळ्यांच्या चपला आणि बर्फाचा डबा गेला. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, एवढ्याशा तंबूत तुम्ही दोघं कसे मावणार हो?"

"दोघं मावायचेच नाहीत त्यात," वहिनी म्हणाल्या. सगळे खो खो हसले. त्या मिसळ वाढायला लागल्या.

पुढच्या वर्षी लग्नाचा वाढदिवस आला. कर्णिकांनी मला खाली पार्किंगमध्ये गाठलं. चेहरा नुसता फुललेला. "मीनल, तुझ्या वहिनीला फ्रान्सला नेतोय! सरप्राइज आहे, बोलू नकोस. आपली मराठी टूर, आपलं मराठी जेवण. बसमध्ये चढायचं, बसमधून उतरायचं, खलास. तिला एक शब्द म्हणून बोलावा लागणार नाही."

"अहो भाऊ, पण त्यांना एकटीने जायचंय," मी म्हटलं.

"एकटीने?" कर्णिक हसले. "एकटी जाऊन बोलणार कुणाशी ती?"

केक कापताना त्यांनी तिकिटं पुढे ठेवली आणि वहिनींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर भांडी आवरताना त्या मला हळूच म्हणाल्या, "इतक्या प्रेमाने केलंय गं त्यांनी. रागावता आलं असतं तर किती बरं झालं असतं."

टूरवरून आल्या त्या चॉकलेटं घेऊन. बाल्कनीत चहा पीत बसलो, तरी फ्रान्सचं नाव काढेनात. खूप वेळाने सांगितलं. त्यांची बस एका खेड्यात काही कामासाठी थांबली होती. रस्त्याकडेला, आपल्या घराच्या फाटकाशी एक म्हातारी चेरी विकत बसली होती. मागे शेत. अगदी धड्यातल्यासारखं. वहिनी कुणाला न सांगता उतरल्या, तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि "बोंजूर" म्हणाल्या. म्हातारी हसून "बोंजूर, मादाम" म्हणाली. वहिनींनी श्वास घेतला.

"तेवढ्यात मागून अर्धी बस आली गं. 'हाउ मच? हाउ मच?' आमचे हे सगळ्यांच्या पुढे. मला चेरी आवडतात ना, म्हणून. आणि ती म्हातारी घडाघडा इंग्रजीत बोलायला लागली."

"मग?"

"मग काय! चेरी घेतल्या. फार गोड होत्या. मला इतका राग आला त्या चेरींचा!"

एवढं बोलून त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "पुढच्या सुट्टीत जाणार. एकटी. आता कुणाचं ऐकायचं नाही." आणि खरंच, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याला तोंडावर सांगितलं. कर्णिकांना लागलं ते. मग एक दिवस ऑफिसातून येताना कॅम्पिंगचा लहानसा स्टोव्ह घेऊन आले. त्यावर एकाच कपाचा चहा होईल एवढासा. वहिनींनी तो मला दाखवायला आणला, तेव्हा नव्या नवरीसारख्या लाजल्या होत्या.

आणि मग, उन्हाळा तोंडावर आला असताना, कर्णिकांच्या कंपनीने माणसं कमी केली. त्यात त्यांचं नाव निघालं. आखातात नोकरी गेली की घरही जातं. वहिनींचा व्हिसा नवऱ्याच्याच नावावर होता. शाळा म्हणाली, तुम्हाला आम्ही व्हिसा देतो, राहा. पण कर्णिकांचं बीपी वर गेलेलं, आणि त्यांना एकटं नाशिकला पाठवायचं तर साधा चहासुद्धा धड करता येत नाही. म्हणून वहिनी शाळेला नाही म्हणाल्या. "तुम्ही फ्रान्सला जाऊन या आधी," मी म्हटलं. "अगं, इथलाच व्हिसा संपतोय," त्या म्हणाल्या, "तर तिथला कोण देणार?" फार वाईट वाटलं मला.

निरोपाचा कार्यक्रम मंडळातल्या एकांच्या घरी, अल मजाजला होता. खिडकीतून खालिद लगूनचं पाणी दिसत होतं. भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं, आणि कुणीतरी ओरडलं, "वहिनी, जाता जाता फ्रेंचमध्ये होऊन जाऊ दे काहीतरी!"

वहिनी उठल्या. अंगावर शाल तशीच. मान थोडी तिरकी केली, आणि तेच वाक्य म्हणाल्या. अगदी सावकाश, त्या भरल्या घराला विचारल्यासारखं.

टाळ्या पडल्या. "वन्स मोअर!" झालं. आणि सतरंजीवरून माझी सई उभी राहिली. मी दटावणार, तोच तिने फ्रेंचमध्ये स्पष्ट उत्तर दिलं. काय म्हणाली ते तिने मला नंतर सांगितलं, 'हो मादाम, या ना. हवा तिथे ठोका.'

वहिनींनी आधी तिचा एक उच्चार सुधारला. सवयच ती! मग शालीत तोंड खुपसून रडल्या.

कर्णिक गोंधळून बघत होते. हे वाक्य इतकी वर्षं स्वयंपाकघरातून त्यांच्या कानावर पडत आलं होतं. "सई बेटा, काय विचारलं तिने?"

"शी आस्क्ड इफ शी कुड पुट अप हर टेंट, अंकल. जस्ट वन नाइट."

"कुणाला विचारलं?"

सईने खांदे उडवले. "एनीबडी, आय थिंक."

कर्णिकांनी खाली पडलेला नारळ उचलला आणि तो मांडीवर घेऊन बसून राहिले.

आता वहिनी नाशिकला असतात. गाडी चालवत नाहीत. तंबू माळ्यावर आहे म्हणतात. फोन केला की आधी सईची चौकशी, मग कर्णिकांचं बीपी, मग हवापाणी. मागे एकदा बोलता बोलता मध्येच थांबल्या.

"मीनल, उत्तर तर मिळालं गं मला. पण माझ्याच विद्यार्थिनीने दिलेलं, मीच शिकवलेलं. ते धरायचं का?"

मी म्हटलं, सई शाळेतून येईल इतक्यात, नंतर फोन करते.