मूर्खांची माळ

"आधी अर्थ बघा!" असं ओरडून तो बॉनेटवर थाप मारायचा. थाप गाडीला असायची, लागायची मालकाला. मग खिशातून दोन वायरी लावलेला छोटा बल्ब काढायचा, त्यातली एक वायर आपल्या हातात कोंबायचा आणि म्हणायचा, "धरा. आणि बोलू नका."

बिबवेवाडीतून मार्केट यार्डाकडे जाताना त्याचं पत्र्याचं शेड लागायचं. जुन्या गाड्यांची वायरिंग, आणि त्यातही जास्त करून एसी, एवढंच काम करायचा. उमेदीची वर्षं खडकीला फौजेच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेली होती, त्यामुळे गिऱ्हाइकाशी बोलतानाही परेड घेतल्याचाच सूर असायचा. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. हातात कसब असतं म्हणून आपण त्याचं तोंड सहन करतो. मीही केलं. त्याची आठवण आली की मला अजून राग येतो, पण तो त्याच्या तोंडाचा नाही.

मी शाळेत मराठी शिकवत होतो. 'अर्थ स्पष्ट करा' हा प्रश्न जन्मभर काढत आलो. पहिल्यांदा गाडी नेली तेव्हा तो बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला, "अर्थ लागत नाहीये." मी सवयीनं विचारलं, "कशाचा?"

त्यानं डोकं बाहेर काढलं. "काय करता आपण?"

"मराठीचा शिक्षक आहे."

"तरीच! मास्तर, करंट बॅटरीतून निघतो, काम करतो, आणि मग त्याला परत घरी जायचं असतं. ती परतीची वाट म्हणजे अर्थ. करंट सगळ्यांना पाहिजे. अर्थ कोणालाच नको."

गाडी चौदा वर्षांची होती. वारा यायचा, गार यायचा नाही. मोठ्या चकाचक वर्कशॉपमधल्या टाय लावलेल्या मुलानं 'कॉम्प्रेसर बदलावा लागेल' असं सांगितलं होतं. यानं एक बोल्ट काढला, त्याच्याखालचा गंज पॉलिश पेपरनं घासला आणि बोल्ट परत आवळला. गार वारा यायला लागला. टायवाल्या मुलाच्या सात पिढ्यांचा उद्धार मात्र पुढे अर्धा तास चालू होता.

हा एसी आमच्या घरी चैनीचा नव्हता. माझ्या बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. चार तास त्या मशीनला जोडून घेऊन ती बाहेर यायची तेव्हा दुपारचे दोन वाजलेले असायचे, तिचं ब्लडप्रेशर उतरलेलं असायचं आणि गाडी उन्हात तापून तवा झालेली असायची. एकदा एसी बंद असताना सिग्नलला ती माझ्या खांद्यावर कलंडली. मी हाका मारत होतो आणि मागचे हॉर्न मारत होते. त्यानंतर तिला आणायला निघण्याआधी मी एसी दोनदा लावून बघायचो.

शेडच्या दाराशी त्यानं एक माळ टांगली होती. तिला तो 'मूर्खांची माळ' म्हणायचा. गाडीचा फ्यूज म्हणजे जादा करंट आला की स्वतः जळून वायर वाचवणारा तुकडा. तो जळाला की लोक त्याच्या जागी वाटेल ते ठोकतात. माळेत तारेचे आकडे होते, टाचण्या होत्या, सिगरेटच्या पाकिटातली चांदी होती, कुणाच्या तरी बायकोची हेअरपिन होती. दोषी गिऱ्हाइकानं आपली वस्तू स्वतःच्या हातानं माळेत अडकवायची आणि रस्त्याला ऐकू जाईल असं आपलं नाव सांगायचं, हा तिथला दंडक. शेजारचा पंक्चरवाला, चहावाला, रिक्षावाले सगळे हसायचे. मग तो त्या गिऱ्हाइकाला चहा पाजायचा आणि विषय संपायचा. एका वकिलानं नाव सांगायला नकार दिला, तर त्याची गाडी बॉनेट उघडं ठेवून तासभर तशीच उभी केली होती. शेवटी वकीलसाहेबांनी नाव सांगितलं, वर डिग्रीही सांगितली.

"दहाच्या जागी दहाच," तो म्हणायचा. "दहा अँपिअरच्या जागी तीस नाही आणि चांदी तर नाहीच. फ्यूज मरतो म्हणून तुम्ही जगता."

हे सगळं मी कानांनी ऐकलं होतं, डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि तरी केलं.

मागच्या मे महिन्यात डायलिसिसहून परतताना सातारा रस्त्यावर एसीचा फ्यूज गेला. जादा फ्यूज जवळ नव्हता. ती डोळे मिटून मान मागे टाकून बसली होती. मी तिच्या पर्समधून गोळ्यांचं पाकीट घेतलं, मागची चांदी सोलली, जळक्या फ्यूजच्या पायांना गुंडाळली आणि फ्यूज परत दाबून बसवला. गार वारा आला. ती न बघताच म्हणाली, "आला बाई एकदाचा." तेव्हा मला किती बरं वाटलं, हे आता सांगायलाही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी नवा फ्यूज आणायचा होता. तो दुसरा दिवस काही उगवला नाही. आठवड्याभरानं एसी स्पीडब्रेकरवर बंद पडून पुढच्या खड्ड्यात सुरू व्हायला लागला, तेव्हा मी त्याच्याकडे गेलो. त्यानं नेहमीप्रमाणे उलटतपासणी घेतली.

"फ्यूज उडाला होता?"

माळ माझ्या डोक्याशी लोंबत होती. चार रिक्षावाले बाकड्यावर बसले होते. तीस वर्षं मुलांना शुद्धलेखन शिकवलेला मी म्हणालो, "नाही."

"हात लावलात?"

"छे!"

"गाडी खोटं बोलत नाही, मास्तर. मालक बोलतो."

"मी कशाला खोटं बोलू?"

त्यानं फ्यूजच्या दोन्ही बाजूंना बल्ब टेकवला. चांदी लावलेला फ्यूज. दोन्हीकडे बल्ब पेटणारच, म्हणजे फ्यूज शाबूतच वाटणार. एरवी त्यानं फ्यूज उपसूनही पाहिला असता. पण मास्तरांनी 'नाही' म्हटलं होतं. त्यानं रिलेचा स्विच घट्ट बसवला, अर्थ पुन्हा घासला आणि चार दिवस बघायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी, तिला घेऊन परतताना, मार्केट यार्डाच्या अलीकडे डॅशबोर्डखालून धूर आला. मी तिला ओढूनच बाहेर काढलं. हाताला सुईची पट्टी, डोक्यावर ऊन, आणि ती फूटपाथवर बसलेली. धूर थांबल्यावर दोन हमालांनी गाडी ढकलत शेडपर्यंत आणली. तोवर माझा तोल गेला होता. की तो मी मुद्दामच जाऊ दिला? कारण चांदी मला आठवत होती. धूर दिसला त्या क्षणी आठवली होती.

"काय काम करता तुम्ही?" मी भर रस्त्यात ओरडलो. "आज माझी बायको जळून मेली असती! फौजेचं नाव सांगता आणि लोकांच्या जिवाशी खेळता?"

तो आत वाकला. पकडीनं फ्यूज उपसला. फ्यूजला चिकटलेली काळी चांदी त्यानं बोटावर घेतली. तिच्यावर गोळीचं अर्धं नाव अजून वाचता येत होतं. त्यानं ते वाचलं. मग बाकड्यावर बसलेल्या माझ्या बायकोकडे, तिच्या हाताच्या पट्टीकडे पाहिलं. आता माळ, आता नाव, असं वाटून मी माळेकडे पाठ केली.

त्यानं चांदी शर्टाच्या खिशात टाकली.

"माझी चूक," तो म्हणाला. "पत्र्याला वायर घासत होती. बघायची राहिली."

संध्याकाळपर्यंत तो वायरी बदलत बसला. बायकोसाठी त्यानं पंक्चरवाल्याचा पंखा उचलून आणला आणि तिच्यासमोर लावला. एकदा ती डोळे मिटून बसली असताना मी खालच्या आवाजात विचारलं, "बोलला का नाहीत?"

पकड आवळलेली त्याची मूठ पांढरी पडली होती. "त्यांना रोज तुमच्या शेजारी बसायचंय, मास्तर. माझ्या नाही." मग नवा फ्यूज दाबून म्हणाला, "दहाच्या जागी दहाच. निघा."

मी निघालो. आभार मानले नाहीत, माफी मागितली नाही. आणि माझी बायको, जिचा काही दोष नव्हता, ती पुढे सगळीकडे सांगत सुटली. डायलिसिसच्या खोलीत, सोसायटीत, भाजीवाल्यापाशी. "त्या बिबवेवाडीच्या माणसाकडे चुकूनही जाऊ नका. गाडी पेटवली होती आमची." आमच्या सोसायटीतल्या गाड्या त्याच्याकडे जायच्या बंद झाल्या. मी शेजारी उभा राहून ऐकायचो, कधी मानही डोलवायचो. जगावर ओरडणारा हा माणूस माझ्यावर का नाही ओरडला, याचा मला भयंकर राग यायचा. एकदा ओरडला असता तर सुटलो असतो. सोपा राग होता तो, दुसऱ्यावरचा.

दिवाळीच्या आधी शेड बंद दिसलं. चार-पाच फेऱ्या बंदच दिसलं. शेवटी सिग्नलला पंक्चरवाला भेटला, त्याला काच खाली करून विचारलं. म्हणाला, "गेले ना. झोपेतच. महिना झाला."

मी काच वर केली. बायको म्हणाली, "कोण? तो गाडी पेटवणारा?"

सिग्नल सुटला होता. मी गाडी हलवली नाही.

"चांदी माझी होती," मी म्हणालो. "तुझ्या गोळ्यांची. मी फ्यूजला लावली होती. त्याला सापडली. तू होतीस म्हणून तो बोलला नाही."

मागचे हॉर्न मारायला लागले.

"सहा महिने," ती म्हणाली, "सहा महिने मी त्या माणसाची बदनामी करत फिरले. आणि तुम्ही ऐकत होतात?"

"हो."

"माना डोलवत होतात."

इतक्या वर्षांत तिला असं चिडलेलं मी पाहिलं नव्हतं. मशीनवरून नुकतीच उठलेली बाई, पण आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा होता. "गाडी वळवा," ती म्हणाली. "आत्ता. घरी नंतर."

माळ पंक्चरवाल्यानं स्वतःच्या दुकानात, लिंबू-मिरचीच्या शेजारी टांगली होती. भंगारवाल्याला द्यायला मन झालं नाही म्हणाला. बायको माझा हात न धरता गाडीतून उतरली. पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढलं, मागची चांदी नखानं सोलली आणि माझ्यापुढे धरली.

"अडकवा."

मी अडकवली. हेअरपिनच्या शेजारी जागा होती.

"आता नाव सांगा. मोठ्यानं."

पंक्चरवाला ट्यूब पाण्यात धरून आमच्याकडे बघत होता. मी माझं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, रस्त्याला ऐकू जाईल असं. एकदोन रिक्षावाल्यांनी मान वळवून पाहिलं आणि परत फिरवली. हसलं कोणीच नाही. मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो, कारण यानंतर चहा असायचा.