गाडीवरच्या गारा

लातूरला आगगाडीनं पाणी आणायच्या गोष्टी चालू होत्या, त्याच मार्चमध्ये मी नवी गाडी घेतली. आमच्या तालुक्याचा नवा जिल्हा होणार, ही आवईही तेव्हाच पुन्हा उठली होती. जिल्हा काही आला नाही, माझी गाडी मात्र आली, तीही नांदेडहून, कारण मला हवा होता तो गडद निळा रंग तिथंच होता. आमच्या सगळ्या भावकीत चारचाकी घेणारा मी पहिला. भीमजयंतीला ती अहमदपूरजवळच्या आमच्या गावी न्यायची, वेशीतून किती हळू न्यायची, काच कुठं खाली करायची, सगळं ठरलं होतं. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, पण अशा वेळी अक्कल गहाण पडते.

धुवायला पाणी नव्हतं. रोज सकाळी मी कोरड्या फडक्यानं गाडी पुसायचो आणि आई ओट्यावर बसून बघायची.

"तुझं नाक बी म्या येवढ्या मायेनं पुसलं न्हाई," म्हणायची.

जयंतीला तीन आठवडे होते तेव्हा भर दुपारी गारा पडल्या. मी परीक्षेच्या ड्यूटीवर होतो. खिडकीबाहेर लिंबाएवढ्या गारा आदळत होत्या, डोळ्यांपुढं निळा रंग होता. वर्गातल्या कॉपीवाल्यांचं त्या दिवशी कोटकल्याण झालं.

घरी आलो तर गल्लीतल्या बायका बादल्यांत गारा भरत होत्या. आमची आई, वय सत्तरीच्या पुढं, स्टुलावर चढून माझ्या गाडीवरच्या गारा उलथण्यानं खरडून परातीत ओढत होती. टपावर गारांनी पोचे पाडले होते ते पाडलेच, पण बोनेटवर उलथण्यानं चक्क नांगरट झाली होती.

"आई! काय करायलीस?"

"दोन हंडे झाले," ती म्हणाली. "परात धर."

मी परात धरली नाही. तोंडाला येईल ते बोललो. दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं आणि ती गाळून घेतलेलं ते पाणी खुशाल पीत होती.

मग विम्याचा सर्व्हेअर यायचा दिवस ठरला. जयंतीआधी रंग व्हायचा तर त्यानं सगळं गारांच्या नावावर लिहायला हवं होतं. मी आईला दहा वेळा पढवलं, गारा पडल्या, एवढंच सांगायचं. सर्व्हेअर आला, पोचे मोजले आणि बोनेटवरून बोट फिरवून थांबला.

"सर, गार आदळती. ती अशी खरडत न्हाई."

"झाडाची फांदी पडली असेल," मी म्हणालो. आमच्या गल्लीत झाड नाही.

तेवढ्यात आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. "उलथण्यानं खरडलंय साहेब, म्या."

"कामून, मावशी?"

"लहानपणी घागर घेऊन विहिरीपसून लांब बसायचो. आमाला हात लावायचा न्हाई. कुणाला दया आली तर वरून वतायचं. दिसदिस 'वाढा की माय, वाढा की माय' करायचं. त्या दिशी वरून येवढं पडलं, आन् कुणाला म्हनावं लागलं न्हाई. मग गाडी बघू का पानी?"

हे तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. सर्व्हेअरनं तांब्याभर पाणी पिऊन पोचे तेवढे लिहिले, ओरखडे नाही लिहिले.

जयंतीला गाडी तशीच नेली. वेशीत माणसं जमली. एका चुलत्यानं बोनेटवर हात ठेवून विचारलं, "नवी कोरी गाडी, ह्ये काय झालं बाबा?"

"गारा पडल्या, काका," मी म्हणालो.

मागची काच खाली झाली. "लबाड बोलतंय," आई म्हणाली आणि दार उघडून खाली उतरली. बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. एकेका ओरखड्यावर बोट ठेवून ती कुठून किती पाणी निघालं ते सांगत होती, आणि निळा रंग कुणीच बघत नव्हतं.